सीलबंद केबल

रिव्हर्स टाकला आणि बोट पुढेच गेली.

घडलं एवढंच. पण हे वाक्य मी आजवर चार ठिकाणी लेखी दिलं आहे आणि चारही ठिकाणी मला "पुढे म्हणजे नक्की कुठे?" असं विचारलं गेलं. पुढे म्हणजे शेजारच्या बोटीत. ती बोट दातांच्या डॉक्टरांची. तिच्या पांढऱ्याशुभ्र कडेवर आमच्या बोटीच्या नाकाने वीतभर निळी रेघ ओढली. डॉक्टर त्या वेळी वर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या, होतं असं."

इथेच मला पहिला संशय आला. ज्याच्या बोटीला ओरखडा पडतो तो माणूस आवाज चढवतो. "असू द्या" म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी शिजत असतं. मी बत्तीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होतो. जो दुकानदार हसतमुखाने तराजू पुढे करायचा, त्याच्याच पारड्याखाली मेण चिकटवलेलं सापडायचं.

पत्नी दोर हातात घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाला उभी होती. धडकेसरशी ती बसली. मग उठली, जेटीवर उतरली आणि आजूबाजूच्या सात बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या बोटीवर मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही!"

"अगं, केबल अडकली."

"अडकणारच. तुम्ही हात लावाल ते अडकतंच. माझा स्वयंपाकघरातला काटा तपासलात, तेव्हापासून तो शून्यावर येत नाही."

हा आरोप अन्यायाचा होता. काटा आधीपासूनच दोन ग्रॅम जास्त दाखवत होता. मी तो फक्त उघडला होता.

आता शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं वाचकांना वाटेल. मलाही वाटलं होतं. पण वारा तुम्हाला जेटीपर्यंत आणतो, जेटीपाशी थांबवत नाही. थांबायला इंजिन लागतं. ते पायऱ्यांखाली एका पेटीत असतं आणि त्याला हुकूम देणारा लिव्हर वर, आपल्या हाताशी. मधल्या अंतरात दोन केबल. सायकलच्या ब्रेकला असते तशीच रचना, फक्त जाड. एक वेगाची, दुसरी गिअरची. लिव्हर पुढे ढकलला की गिअरची केबल इंजिनावरचा एक लहानसा दांडा पुढे ढकलते आणि बोट पुढे जाते. मागे ओढला की दांडा मागे येतो, पंखा उलटा फिरतो, बोट थांबते. आमची गिअरची केबल पुढे जायला तयार होती. मागे येताना मात्र ती अर्ध्यात हट्टाला पेटली होती.

चौथ्या दिवशी बोट क्लबचं पत्र आलं. एकवीस दिवसांनी तपासनीस येऊन केबलची आणि लिव्हरची पाहणी करतील. पाहणीत बोट नापास झाली तर जेटीवरची आमची जागा रद्द होईल आणि ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला मिळेल.

मी क्लबच्या कार्यालयात जाऊन यादी पाहिली. पहिलं नाव डॉक्टरांच्या जावयाचं होतं.

मी फक्त "असं का!" म्हणालो. कारकून बाई म्हणाल्या, "काय असं?" मी म्हणालो, "काही नाही." नोकरीत असताना माझ्या या "काही नाही"ला अख्खा बाजार घाबरायचा. बाईंनी जांभई दिली.

"दुरुस्तीची परवानगी हवी होती," मी म्हणालो.

"दुरुस्ती जागेवर करायची नाही. तेल पाण्यात सांडतं. बोट दुरुस्तीच्या जेटीवर न्यायची."

"बरं. नेतो."

"स्वतःच्या इंजिनावर न्यायची. ओढून नेलेली बोट तिथे घेत नाहीत."

"पण बाई, इंजिनाची केबलच तर बिघडली आहे."

"मग बिघडलेली बोट हलवता येणार नाही. नियम सात."

"म्हणजे बोट चालत असेल तरच ती दुरुस्त करता येईल?"

"तसं नियमात लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या, "पण होतं तसंच."

मी स्वतः बत्तीस वर्षं असेच नियम लोकांना समजावून सांगितले होते, त्यामुळे माझ्या मनात बाईंबद्दल थोडा आदरच निर्माण झाला. शेवटी काम जागेवरच, गुपचूप करायचं ठरवलं.

गुपचूप म्हटल्यावर सल्ले यायला सुरुवात झाली. आमच्या वरच्या मजल्यावर बस डेपोतले निवृत्त फोरमन राहतात. ते म्हणाले, "तेल सोडा. केबल उभी टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधा, पिशवीत तेल ओता. सकाळपर्यंत झिरपतं." ज्याने ही बोट मला विकली तो मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, तेलाचा थेंबही लावू नका. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, ते फुगतं. केबल सरळ बदला." केबल विकणारा म्हणाला, "जुनी आणून दाखवा, तशी देतो." जुनी काढली तर बोटीत केबलच उरत नाही आणि क्लबचा रखवालदार केबल नसलेल्या बोटीची नोंद करतो. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, जोरात ओढा. सगळे ओढतात."

मी पान्यांची पेटी घेऊन बोटीवर गेलो. इंजिनाच्या पेटीची कडी उघडायची एक युक्ती आहे. आधी ती वर उचलायची, मग डावीकडे सरकवायची. नुसती ओढली तर ती हाताच्या बोटाला चिमटा काढते. हे कळायला मला दोन महिने आणि एक नख लागलं होतं. झाकण उघडून पाहतो तर काय! केबलचं टोक इंजिनाच्या दांड्याला जिथे जोडतात तिथे एक स्प्लिट पिन असते. तिचे दोन पाय दोन बाजूंना वाकवले की ती निघत नाही. ती पिन नव्हतीच. तिच्या जागी तारेचा तुकडा वळवून घातला होता. केबलच्या टोकावरची रबराची टोपीही फाटली होती.

तार कोणी घातली? मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, मी विकली तेव्हा सगळं ओरिजिनल होतं." हे वाक्य त्याने मी काही विचारायच्या आत म्हटलं, याची मी मनात नोंद केली.

मी नवी पिन घातली, तेल सोडलं नाही, केबल बदलली नाही आणि रखवालदार म्हणाला तसा लिव्हर जोरात ओढला. लिव्हर जागचा हलला नाही. माझ्या खांद्यातून मात्र एक आवाज आला, आणि नंतरचे चार दिवस घरी उजवा हात गळ्यात बांधून मी डाव्या हाताने मापं तपासली. पत्नीचा कप दोनशे चाळीसऐवजी दोनशे एकतीस मिलिलिटरचा निघाला. हे तिला मी पुराव्यासह दाखवलं. ती बोटात अंगुस्तान घालून काहीतरी काळं, जाडसर, चामड्यासारखं शिवत बसली होती. "काय शिवतेस?" विचारलं तर म्हणाली, "टोपी."

पाचव्या दिवशी बोटीवर गेलो. लिव्हरला सहज हात लावला आणि तो मागे आला. ओढावा लागला नाही. सायीत चमचा फिरावा तसा आला.

मी तिथेच खाली बसलो. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत, मालकाच्या पाठीमागे चांगल्या हेतूने मापाला हात लावलेला मी एकही माणूस पाहिला नव्हता. इंजिनाची पेटी उघडली. केबलच्या टोकाला ताजं ग्रीस होतं. फाटलेल्या टोपीच्या जागी नवी टोपी होती, काळ्या रबरी कापडाची, काळ्या दोऱ्याने शिवलेली. टाके इतके बारीक आणि सारखे की एखाद्या माणसाने हे केलं असेल तर तो माणूस हाताने नाजूक कामं करणारा असला पाहिजे. छोट्या आकड्यांनी, अरुंद जागेत, आरशात बघून. मी मान वर करून शेजारच्या बोटीकडे पाहिलं.

मग बाकाखालचा कप्पा उघडला. तिथूनच केबल पुढे जाते. त्या कप्प्यात मी निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं पाच किलोचं पितळी वजन ठेवतो. घरात पायाच्या करंगळीला दोनदा लागल्यावर पत्नीने ते घराबाहेर काढलं होतं. ते वजन मी स्वतः डाव्या कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि आता ते उजवीकडे होतं. म्हणजे चोर वजनासाठी आला होता, ते उचलून पाहिलं, झेपलं नाही, आणि जाता जाता केबलला ग्रीस लावून गेला. या तर्कात कुठेतरी फट आहे हे मलाही दिसत होतं, पण त्या क्षणी हाती एवढाच होता.

रखवालदाराची वही मागवली. माझ्या बोटीवर कोणीही गेल्याची नोंद नव्हती. दातांचे डॉक्टर मात्र तीन दिवस दुपारी "स्वतःच्या बोटीवर" आले होते. त्यांच्या बोटीवरून माझ्या बोटीवर यायला एक पाऊल पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात चौकशीला गेलो. नाव न सांगता बसायचं, पाळी आल्यावर आत जायचं आणि एकदम प्रश्न टाकायचा, असा बेत होता. बेतात एक चूक होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, खुर्ची मागे झुकवली आणि "आ करा" म्हणाले. आणि मी आ केला.

"अरेच्चा, तुम्ही!" ते म्हणाले. "काय म्हणतेय बोट?"

माझ्या तोंडात दोन आकडे आणि एक आरसा होता. मी "आँ" म्हणालो.

"केबलचं कसं असतं माहितीये का, आधी इंजिनाकडचं टोक सोडवून बघायचं. टोक सोडवल्यावर लिव्हर हलका झाला तर दोष इंजिनात. जडच राहिला तर दोष केबलमध्ये. बहुतेक वेळा कुठेतरी ती दबलेली असते, चिमटलेली असते. वरून कितीही तेल ओता. रुंद करा तोंड."

त्यांना कसं माहीत? मी डोळ्यांनी विचारलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय.

"थोडं सहन करा. दाढ पोखरली आहे. बाहेरून काही दिसत नाही बघा, पण आतून..." आणि त्यांनी माझ्या संशयाइतका खोल खड्डा खणला.

बाहेर आलो तेव्हा अर्धा जबडा बधिर झाला होता आणि माझा एकही प्रश्न विचारून झाला नव्हता. ही चौकशी इतिहासात कुठे बसते मला माहीत नाही, पण चौकशीला गेलेला निरीक्षक दाढ भरून परत आल्याचं आमच्या खात्यात तरी ऐकिवात नाही.

आता एकच उपाय राहिला. सील.

आमच्या खात्यात तपासलेल्या मापाला दोरा ओवून त्याच्या टोकाला शिशाचा मणी बसवायचे. चिमट्याने मणी दाबला की त्यावर निरीक्षकाचा क्रमांक उमटायचा. माझा क्रमांक एकोणीस. चिमटा निवृत्तीच्या वेळी जमा करायचा असतो. मी विसरलो, आणि मागायला खातंही विसरलं. पत्नीच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा घेतला, केबलच्या टोकातून आणि शेजारच्या लोखंडी पट्टीतून ओवला, वर मणी दाबला. कोणी केबल हलवली की दोरा तुटणार आणि गुन्हा सिद्ध होणार. पाहणीच्या आदल्या दिवशी हे करून मी झाकण लावलं. त्या रात्री मला शांत झोप लागली. "माझा काळा दोरा कुठे गेला?" असं पत्नी म्हणाल्याचं मला झोपेतच ऐकू आलं.

पाहणीच्या सकाळी तपासनीस आले. बारीक, गंभीर, हातात पाटी आणि पाटीला अडकवलेला कागद. त्यांना पाहून मला माझीच तरुणपणीची चाल आठवली. जेटीवर पत्नी उभी होती. "मी नुसतं बघायला आले," ती म्हणाली. डॉक्टर आपल्या बोटीवर चहा पीत होते. त्यांनी आमच्या बाजूला धडक झेलायचे आठ रबरी फुगे टांगले होते. रोज दोन असतात.

"साहेब," मी म्हणालो, "आधी पेटीतलं सील साक्षीदारांसमोर तोडायचं आहे."

"कसलं सील?"

"ते असं आहे..."

"पेटी नंतर. आधी बोट बाहेर काढा, वळवा, परत आणा, जागेवर थांबवा."

सील हे निरीक्षकाच्या हुकमाशिवाय तोडायचं नसतं आणि हुकूम तर बोट हाकायचा झाला होता. बत्तीस वर्षांची शिस्त. मी इंजिन सुरू केलं, लिव्हर पुढे केला. पेटीत कुठेतरी बारीक 'टक्' झालं. बोट झोकात बाहेर पडली, वळली, परत आली. तपासनीस मान डोलावत होते. आमची जागा पंधरा हातांवर आली. मी लिव्हर मागे ओढला. तो न्यूट्रलपर्यंत आला आणि थांबला.

मी पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी ओढला. बोट डॉक्टरांच्या निळ्या रेघेच्या दिशेने, जणू तिला अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं आहे अशी, शांतपणे सरकत होती.

"रिव्हर्स टाका!" तपासनीस.

"टाकलाय!" मी.

"जोरात ओढा, काका!" जेटीवरून रखवालदार.

बोटीची कड जेटीला घासायच्या आत पत्नी आत उतरली. चपला जेटीवरच राहिल्या. पायऱ्यांपाशी ती गुडघ्यांवर बसली, कडी आधी वर उचलली, मग डावीकडे सरकवली, झाकण उघडलं, पदरातून छोटी शिवणाची कात्री काढली, आत हात घातला आणि एक 'कट्' आवाज झाला.

"ओढा आता!"

मी ओढला. लिव्हर मागे आला, पाणी उसळलं आणि बोट थांबली. आमच्या नाकात आणि डॉक्टरांच्या फुग्यात चार बोटांचं अंतर होतं. डॉक्टरांचा कप हातात तसाच होता. या वेळी त्यांनी तो खाली ठेवला नव्हता, म्हणजे त्यांना खात्री होती.

आणि मला एकच गोष्ट दिसत होती. कडी. आधी वर, मग डावीकडे. बोटाला चिमटा न बसता.

"तुला कडी कशी उघडायची ते कसं माहीत?"

तपासनीसांनी तिच्या तळहातावरचा शिशाचा मणी उचलला. दोरा एकाच बाजूने तुटल्यामुळे पट्टी आणि दांडा यांच्या मधोमध तो पाचरीसारखा बसला होता. त्यांनी चष्मा वर केला. "क्रमांक एकोणीस. हे सील कोणाचं?"

एका क्षणासाठी डॉक्टरांकडे बोट दाखवायचा मोह मला झाला, हे मी मान्य करतो.

"यांचंच," पत्नी म्हणाली. "आणि दोरा माझा."

मग सगळं बाहेर आलं. कोणी लपवायचा प्रयत्नही केला नाही, हे मला जास्त लागलं. केबलला काहीही झालेलं नव्हतं. बाकाखालच्या कप्प्यात माझं पाच किलोचं पितळी वजन तिच्यावर बसलं होतं. कप्प्यात शिरून ते पाहिलं पत्नीने. वजन उचलून बाजूला ठेवलं डॉक्टरांनी. ग्रीस डॉक्टरांचं, टोपी पत्नीची. शिवणाच्या मशीनचं तेलपाणी ती लग्नाच्या आधीपासून स्वतः करत आली आहे, ही गोष्ट मला माहीत होती. तिचा काही उपयोग असू शकतो हे माहीत नव्हतं.

"पण तू तर म्हणाली होतीस, या बोटीवर पाऊल ठेवणार नाही."

"नाही ठेवलं. डॉक्टरांच्या बोटीवरून गुडघ्यांवर आले."

"आणि तुम्ही, डॉक्टर? जावई यादीत पहिला आहे तुमचा."

"म्हणून तर!" डॉक्टर म्हणाले. "जावई रोज शेजारी? त्यापेक्षा तुमची धडक परवडली. निदान तुम्ही संध्याकाळी घरी जाता."

"मला सांगायचं तरी," मी पत्नीला म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही वजन हलवू दिलं असतंत? आधी त्याचं वजन केलं असतंत." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि जागा गेली असती तर तुम्ही रोज, दिवसभर, घरी. स्वयंपाकघरात अजून अकरा मापं आहेत."

तपासनीसांनी कागदावर बराच वेळ लिहिलं. दाखला मिळाला. तो आता बोटीत काचेखाली लावला आहे: "लिव्हर व केबल: समाधानकारक. मालक: देखरेखीखाली."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं बोटीवर गेलो. लिव्हर तिच्या हातात होता. वारा बरा होता, डॉक्टरांनी हात हलवला, मीही हलवला. तरी म्हटलं, एकदा इंजिनाची पेटी उघडून बघावी, ग्रीस कमी-जास्त झालं असेल. कोणाला कळणार आहे?

वाकून पाहिलं. कडीतून काळा दोरा ओवलेला होता. त्याच्या गाठीवर मेणबत्तीच्या मेणाचा गोळा, आणि मेणावर बारीक बारीक खळग्यांचा एक गोल ठसा. अंगुस्तानाचा.

मी बत्तीस वर्षं सील लावली. तोडलं एकही नाही. निमूटपणे वर येऊन बसलो.

"काय झालं?" तिने समोर बघतच विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.